तिजोरी रिकामी, तरी कर कमी?
मंदीत सापडलेल्या मुलखाला कर आणि व्यापार कसे सावरतात, याचा खानदेशातून घेतलेला शोध

२२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार सिंचनाच्या संचांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरवरचाही तसाच उतरला. रावेर, यावल, सावदा, भुसावळ या केळीच्या पट्ट्यात ठिबकाला कुणी चैन म्हणत नाही. नळ्या अंथरल्याशिवाय बाग उभी राहत नाही. त्यामुळे या निर्णयाचं इकडे स्वागत झालं.

त्याच्या महिनाभर आधी, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारनं परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं होतं. तीही सवलतच. पण ज्याच्या एका शेतात केळी आहे आणि दुसऱ्यात कापूस, त्याला पहिल्या निर्णयानं हायसं वाटलं आणि दुसऱ्यानं धास्ती भरली. बाहेरचा कापूस स्वस्तात आला तर आपल्याला कोण विचारणार?

दोन्ही निर्णयांमागचं कारण मात्र एकच सांगितलं गेलं: अर्थव्यवस्थेला चालना. इथे दोन प्रश्न पडतात. धंदा मंदावला की सरकारचं उत्पन्न आधीच घटतं. मग उरलेल्या करातही सूट देऊन सरकारचं भागतं कसं? आणि एकाची सवलत दुसऱ्याच्या मुळावर का येते? याची उत्तरं शोधायला दिल्लीच्या अर्थसंकल्पीय भाषणांपर्यंत जायची गरज नाही. दोनशे वर्षांत खानदेशावर हे प्रयोग इतक्या वेळा झालेत की उदाहरणं शोधावी लागत नाहीत, निवडावी लागतात.

ओसाड गावाला माफी देण्यात तोटा नसतो

१८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश पिळून काढला आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. १८०३ मध्ये धुळं गाव अक्षरशः रिकामं झालं. माणसं पोटामागे गेली, घरं पडली, शेतात काटेरी झुडपं वाढली. लळिंग आणि सोनगीर हे परगणे तेव्हा पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्याकडे होते. त्यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी १८०४ मध्ये धुळं पुन्हा वसवलं आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली.

उजाड गाव वसवायची मराठी राज्यात एक ठरलेली रीत होती. पडीक जमीन कसायला घेणाऱ्याला सरकार ‘कौल’ देई, म्हणजे लेखी अभय. त्यात ‘इस्तावा’ लिहिलेला असे: पहिल्या वर्षी नावापुरता सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असं चढत चढत काही वर्षांनी पूर्ण सारा. झुडपं काढायची, बैल घ्यायचे, बी आणायचं, हा सगळा खर्च पहिल्या दोन-तीन वर्षांतला. त्याच वर्षांत साराही पुरा मागितला तर कुणी नांगर धरणार नाही.

आपल्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. पडीक जमिनीवर सारा कितीही लावा, वसूल काहीच होत नाही. मग तो माफ केल्यानं तिजोरीतून जातं काय? काहीच नाही. उलट चार वर्षांनी तिथून पूर्ण सारा येऊ लागतो. जे अजून अस्तित्वातच नाही त्याच्यावरची करमाफी सरकारला फुकटात पडते. चालत्या धंद्याला दिलेली माफी मात्र पहिल्या दिवसापासून खिशातून जाते. करसवलतीची कोणतीही घोषणा ऐकली की हा फरक आधी तपासावा. महाराष्ट्रानं १९६४ पासून मागास भागांतल्या उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली आहे. तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी प्रतवारी करायची आणि तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, हा तिचा गाभा. विचार इस्ताव्याचाच. अडचण एवढीच की जो कारखाना सवलत नसती तरी आलाच असता, तोही रांगेत उभा राहतो. त्याला कागदावर ओळखण्याचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

इस्ताव्याच्या नेमकी उलट गोष्ट दुसऱ्या बाजीरावाच्या काळात घडली. महालांची वसुली वर्षाच्या बोलीनं मक्त्यावर दिली जाऊ लागली. जो जास्त बोली लावील त्याला मामलत. पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहील याची मक्तेदाराला खात्री नसे, त्यामुळे हाताशी असलेल्या वर्षात निघेल तेवढं काढायचं, हाच त्याचा धंदा. केळीवाल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. घड कापताना बुंध्याशेजारचं पिल तो जपतो, कारण पुढचा घड त्या पिलाला लागणार असतो. वर्षाच्या बोलीवर बाग घेतलेला माणूस पिलाकडे कशाला बघेल? मक्तेदारांनी खानदेशात पिलंही तुडवली. कराचा दर कागदावर तोच असला तरी वसूल करणाऱ्याची नजर एका वर्षाची आहे की वीस वर्षांची, यावर मुलूख बदलतो.

१८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. कारण साधं होतं: गाव मधोमध होतं आणि मुंबई-आग्रा वाटेवर होतं. १८१९ मध्ये तिथे ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. ब्रिग्ज यांनी व्यापाऱ्यांना बोलावणं धाडलं, घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा दिली आणि बांधकामासाठी आगाऊ रक्कमही दिली. १९०१ च्या जनगणनेपर्यंत धुळ्याची वस्ती चोवीस हजारांवर गेली होती. याचं सगळं श्रेय माफीला देता येणार नाही. तीच माफी आडवाटेच्या एखाद्या गावाला दिली असती तर व्यापारी फुकटची जागा घेऊन करणार काय होते? सवलत आणि वाट या दोन्ही गोष्टी धुळ्याला एकदम मिळाल्या. शिवाय हेही सांगायला हवं की जागा फुकट मिळाली ती व्यापाऱ्याला. शेतकऱ्यावरचा साऱ्याचा बोजा त्यानंतरही कितीतरी वर्षं जडच होता.

सावद्याची माणसं का बिथरली?

१८५२ मध्ये खानदेशात जमीन मोजणी सुरू झाली, आणि सावदा, फैजपूर, यावल या भागात हजारो शेतकरी तिच्याविरुद्ध जमा झाले. पाटील-देशमुखही त्यांच्यात होते. जमाव पांगवायला लष्कर आणावं लागलं.

गंमत अशी की ही मोजणी ज्या तत्त्वांवर चालली होती ती शेतकऱ्याला फारशी वाईट नव्हती. विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ मध्ये ती लिहून काढली होती. जमिनीचा कस पाहून सारा ठरवायचा. ठरलेला दर तीस वर्षं बदलायचा नाही. आणि शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं विहीर खोदली किंवा बांध घातला, तर त्या सुधारणेसाठी सारा वाढवायचा नाही.

हे शेवटचं कलम फार मोलाचं आहे. विहीर खोदल्याबरोबर कर वाढणार असेल तर विहिरीचा खर्च शेतकऱ्याचा आणि फायद्यातला वाटा सरकारचा. अशानं कोण खोदेल? तीस वर्षं दर स्थिर म्हटल्यावर वाढलेलं उत्पन्न सगळं आपलं, हे गणित बसतं आणि माणूस कर्ज काढूनही पाणी शोधतो. तापीकाठच्या या पट्ट्यात बागायत विहिरींवरच पोसली गेली आहे.

मग विरोध कशाला? साखळी आणि दुर्बीण घेऊन सरकारी माणूस शेतात आला की कर वाढतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. वतनदारांचे जुने हक्क बुडण्याची भीतीही त्यात मिसळली होती. सरकार म्हणत होतं ‘तीस वर्षं’, आणि लोकांना ऐकू येत होतं ‘पुढच्या वर्षी’. आजच्या अर्थतज्ज्ञांनाही हा अनुभव येतो: सवलत तात्पुरती वाटली तर लोक ती जपून बाजूला ठेवतात, तिच्या भरवशावर नवा खर्च किंवा नवी गुंतवणूक करत नाहीत.

भुसावळ: वाट आली आणि भाव बदलला

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ तापीच्या खोऱ्यात उतरले. भुसावळला फाटा फुटला: एक मार्ग वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचला, दुसरा खंडव्याकडून १८७० मध्ये जबलपूरला, आणि तिथून मुंबई-कलकत्ता जोडली गेली. एरवी खानदेशातल्या शेकडो गावांसारखं असलेलं हे गाव जंक्शन झालं.

व्यापारानं मुलूख कसा हलतो हे समजायला इथे एक हिशेब मांडू. समजा मुंबईत कापसाच्या एका बोज्याला १०० रुपये मिळतात. बैलगाडीनं तो घाट उतरवून न्यायला ३० रुपये लागतात. वाटेत नाक्या-नाक्यावर ५ रुपये जकात जाते. मग खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हातात ६५ रुपयेच पडणार. जकात रद्द झाली तर ७०. रेल्वेनं भाडं ३० वरून १० वर आलं तर ९०. शेतकऱ्याच्या दृष्टीनं वाहतूक खर्च आणि कर यांत काहीच फरक नसतो. दोन्ही त्याच्या भावातूनच कापले जातात. मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात १८३० च्या दशकाच्या अखेरीस गेली, पण दर बदलायचं मोठं काम केलं ते रुळांनी.

आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना. त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली आणि कापसाचे भाव कुणी कल्पनाही केली नसेल इतके चढले. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी स्थानिक वाणाऐवजी हिंगणघाटचं सरस बी पसरवण्याचा सपाटा लावला. भेसळ इतकी माजली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातली लबाडी रोखणारा खास कायदा करावा लागला. युद्ध थांबलं, अमेरिकी गाठी परत आल्या आणि भाव कोसळला. सातासमुद्रापलीकडच्या लढाईनं आलेला पैसा तिच्याबरोबरच गेला, पण रूळ आणि हिंगणघाटी बी इथेच राहिलं.

भुसावळच्या जुन्या मंडळींना जकात नाका आठवत असेल. इंग्रजांनी मुलखातली जकात उठवली, तरी गावाच्या वेशीवरची नगरपालिकेची जकात पुढे दीडशे वर्षं चालली. नगरपालिकांची जकात महाराष्ट्रात १९९९ मध्ये गेली. महापालिकांनी मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणला आणि तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी ऑगस्ट २०१५ मध्ये गेला. नाक्यावर ट्रक उभे राहायचे त्यातला वेळ, डिझेल आणि चिरीमिरी कुठल्याही कराच्या पावतीवर दिसत नसे. खर्च मात्र पुरता होत असे.

साडेतीन टक्क्यांचा डाव

कर कुणाच्या भल्यासाठी लावला आहे हे ओळखायचं असेल तर १८९६ चा कापडावरचा कर पाहावा. सरकारला पैसा हवा होता म्हणून १८९४ मध्ये विलायती कापडावर पाच टक्के आयात शुल्क बसलं. त्यानं इथल्या गिरण्यांना थोडा आडोसा मिळाला असता. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली, आणि १८९६ मध्ये सरकारनं ते शुल्क साडेतीन टक्क्यांवर आणून इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे उत्पादनावरचा कर, बसवली. आडोसा गेला, कर उरला.

जळगावात तोपर्यंत गिरणी निघाली होती. अंमळनेरला पुढे प्रताप मिल आली. खानदेशचा कापूस खानदेशातच विणायचा, तर त्यावरही मँचेस्टरची मर्जी राखण्यासाठी बसवलेला कर भरायचा. ही अबकारी १९२६ मध्ये कायमची रद्द झाली, म्हणजे तब्बल तीस वर्षं ती चालली.

फैजपूर, १९३६: भाव पडला, सारा तोच

भुसावळहून जवळच असलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि तयारीसाठी धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारखी माणसं राबलेली. बांबूच्या कमानी आणि अधिवेशनासाठी उभारलेलं टिळकनगर यांविषयी आजही सांगितलं जातं. तिथे मंजूर झालेला शेतीचा कार्यक्रम मात्र कुणाला फारसा आठवत नाही. त्यात सारा आणि खंड बराच कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना माफी द्यावी आणि कर्जाचा बोजा हलका करावा, अशा मागण्या होत्या.

त्यामागचं कारण समजून घेतलं तर मंदीतल्या कराचं सगळं यंत्रच उघडं पडतं. १९२९ नंतर जगभर शेतमालाचे भाव कोसळले. सारा मात्र रुपयांत ठरलेला. समजा एका शेताला २० रुपये सारा आहे आणि कापूस १० रुपये मण आहे. दोन मण विकले की सारा भागतो. भाव ५ रुपयांवर आला की त्याच साऱ्यासाठी चार मण विकावे लागतात. सरकारनं एक पैचीही वाढ केलेली नाही, आणि तरी शेतकऱ्याच्या दृष्टीनं कर दुप्पट झाला. सावकाराच्या हप्त्याचंही तसंच. मग तो बाजारातून लुगडं, तेल, लोखंड घेणं थांबवतो. दुकानदाराची विक्री घटते, गिरणीत कापड पडून राहतं, मजुराची पाळी जाते, आणि तोही बाजारात येईनासा होतो. एकाचा न झालेला खर्च म्हणजे दुसऱ्याची बुडालेली कमाई.

अशा वेळी कर कमी करणं हा या फेऱ्याला उलटं वळण देण्याचा प्रयत्न असतो. सरकार तात्पुरती तूट सोसतं, माणसाच्या हातात दोन पैसे राहतात, ते बाजारात येतात. पहिल्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर हे. यात एक अट आहे: पैसा त्याच्या हाती पडायला हवा जो तो खर्च करील. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याला सूट दिली तर ती बँकेत नाही तर सोन्यात जाऊन बसते.

त्याच काळात अमेरिकेनं नेमकं उलटं टोक गाठलं. १९३० मध्ये स्मूट-हॉली कायद्यानं तिनं परदेशी मालावरचे आयात कर चढवले, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला आणि कारखान्याला आडोसा मिळेल. बाकीच्या देशांनीही कर चढवून उत्तर दिलं. सगळ्यांनी दारं लावल्यावर विकायचं कुणाला? जागतिक व्यापार आक्रसला, मंदी लांबली. १९३४ मध्ये अमेरिकेनंच पाऊल मागे घेतलं आणि एकेका देशाशी करार करून कर उतरवायला सुरुवात केली.

चौकट: हे शब्द कानावर येतात

*आयात शुल्क:* परदेशी माल बंदरात उतरला की त्यावर घेतला जाणारा कर. महसूल मिळवायला किंवा देशी मालाला आडोसा द्यायला लावतात.

*इनपुट क्रेडिट:* व्यापारी माल घेताना जीएसटी भरतो आणि विकताना वसूल करतो. आधी भरलेला वजा करून फक्त फरक सरकारला देतो. ही वजावट म्हणजे इनपुट क्रेडिट.

*हमीभाव:* सरकारनं जाहीर केलेला किमान भाव. कापसासाठी सरकारतर्फे खरेदी करते ती भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय.

*खेडा खरेदी:* व्यापाऱ्यानं थेट गावात येऊन, बाजार समितीबाहेर केलेली खरेदी.

‘शेतकऱ्याला कुठे कर असतो?’

हे वाक्य भुसावळच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. शेती उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण जीएसटी शेतकऱ्याला चुकत नाही, उलट तो त्याच्याकडे येऊन अडकतो.

दुकानदार, कारखानदार यांनी भरलेला जीएसटी वजावटीतून परत मिळतो. शेतकरी मात्र केळी, ज्वारी विकतो त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्याला वजावटही नाही. नळी, फवारा, खत, कीटकनाशक यांवरचा जीएसटी त्याच्याकडून पुढे कुणाकडे जात नाही. समजा करापूर्वी ६० हजारांचा ठिबक संच घेतला. १२ टक्क्यांनी ७,२०० रुपये कर, ५ टक्क्यांनी ३,०००. वाचलेले ४,२०० हे त्याचे खरेच वाचतात. हीच सूट एखाद्या मोठ्या कारखान्याच्या कच्च्या मालावर दिली असती तर कारखान्याचा तसा फारसा फायदा झाला नसता. तो कर त्याला एरवी परत मिळतच होता. म्हणून मला २०२५ च्या कपातीतली ठिबकाची ही ओळ इतर कितीतरी जास्त गाजलेल्या ओळींपेक्षा अचूक वाटते. जळगावला ठिबकाच्या आणि पाइपांच्या कारखान्यांचं मोठं काम आहे, तेव्हा मागणी वाढली तर तिचा एक भाग इथल्याच पाळ्यांवर उतरतो.

भुसावळ शहराची गोष्ट वेगळी. रेल्वे, आयुध निर्माणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र: इथला बाजार पगारावर चालतो. एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर द्यावा लागत नाही. खेड्यातल्या कापूसवाल्याला याचा थेट काही उपयोग नाही, पण रेल्वे कर्मचाऱ्याच्या हातात उरलेला पैसा फ्रिज, दुचाकी, शिकवणी असा बाजारात फिरतो. देश एकच, कपात एकच, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर तिचा परिणाम बदलतो.

जळगावच्या सराफ बाजाराचं उदाहरण थोडक्यात सांगतो. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं. १५ टक्क्यांचा फरक चोरट्या वाटेनं सोनं आणणाऱ्याचा नफा असतो. दर उतरला की ती जोखीम परवडेनाशी होते आणि माल सरळ वाटेनं येऊन कर भरतो. चोरवाट मोठी असेल तिथे दर घटवूनही वसुली त्या प्रमाणात घटत नाही. चोरवाट नसेल तिथे मात्र ही युक्ती चालत नाही, आणि कर उतरवला की वसुली आपोआप वाढते असं सरसकट सांगणाऱ्यांकडे जरा संशयानं पाहावं.

पांढऱ्या सोन्याचा काटा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कापसावरच्या त्या ११ टक्क्यांकडे. परदेशी कापसावरचं हे शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलं. त्याचं काम कसं चालतं पाहा. परदेशी कापूस भारतीय बंदरात १०० रुपयांना पडतो असं धरू. शुल्कासह तो १११ होतो. तशाच प्रतीच्या देशी कापसाला गिरणी जास्तीत जास्त १११ पर्यंत जाईल. त्याहून महाग झाला तर ती बाहेरून मागवेल. म्हणजे आयात शुल्क शेतकऱ्याच्या भावाचं छत वर उचलून धरतं. शुल्क काढलं की छत १०० वर उतरतं. एक गाठही आयात झाली नाही तरी उतरतं, कारण व्यापाऱ्याला बोलायला तोंड मिळतं: बाहेरून एवढ्यात येतोय, तुमचा का घेऊ?

मग सरकारनं ते काढलं का? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के कर लादला. तिरुपूरसारख्या ठिकाणच्या तयार कपड्यांच्या निर्यातदारांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हातचं जायची वेळ आली. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळाला तर थोडा तग धरता येईल, हा हिशेब. लाखो मजुरांच्या रोजगाराचा तो प्रश्न होता, आणि हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत कुणाच्या खिशातून गेली? सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. खानदेशात पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस घरात येतो तो नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर. दिवाळी, लग्नसराई, उधारी फेडणं, सगळं त्याच पैशावर. उन्हाळ्यात हीच सवलत दिली असती तर शेतकऱ्याच्या घरात कापूस जवळपास संपलेला असता आणि झळ कमी बसली असती. धोरण चांगलं की वाईट यापेक्षा ते कोणत्या महिन्यात आलं, हे इथे जास्त महत्त्वाचं ठरलं.

छत उतरलं तरी खाली हमीभावाची जमीन आहेच, असं सरकार म्हणतं. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. पण ही जमीन सगळ्यांच्या पायाखाली येत नाही. सीसीआय १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालवून घेते. परतीच्या पावसात भिजलेला कापूस त्यात बसत नाही. नोंदणी, सात-बारावरचा पीकपेरा, केंद्रापर्यंतचं भाडं, आणि पैसे खात्यात येईपर्यंतची वाट. ज्याला आठवड्यात रोकड हवी, तो खेडा खरेदीवाल्याला गाठतो आणि मिळेल तो भाव घेतो. व्यापार खुला करायचा असेल तर त्याच वेळी खरेदी केंद्रं आधी आणि जास्त उघडायला हवी होती. एका हातानं शुल्क काढायचं आणि दुसऱ्या हाताचं खरेदी केंद्र उशिरा उघडायचं, यात तोल राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की खानदेशात जिनिंग भरपूर. सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि बहुतांश ट्रकनं बाहेर जातात. सूत, कापड, कपडा या पुढच्या पायऱ्यांवरची कमाई इथे फारशी होत नाही. म्हणून कापूस स्वस्त झाल्याचा फायदा तमिळनाडूत दिसतो आणि तोटा चोपडा-पारोळ्यात. इथेच सूत आणि कापड मोठ्या प्रमाणावर होत असतं तर गमावलेल्या भावाचा काही भाग मजुरीच्या रूपानं याच जिल्ह्यांत परतला असता. धुळ्याला आणि अंमळनेरला ते एकेकाळी होत होतं.

केळी कुठवर जाते?

केळीचं गणित कापसाच्या उलट आहे. कापूस थांबू शकतो, केळी थांबत नाही. घड कापला की घड्याळ सुरू. त्यामुळे तिच्या बाबतीत आयात-निर्यात कराच्या टक्क्यांपेक्षा गाडी किती वाजता सुटते हे महत्त्वाचं. २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली; जळगाव आणि भुसावळ तिच्या वाटेवरच होते. फळं-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के अनुदानही पुढे मिळालं. आधीच्या हिशेबातली ३० रुपयांची बैलगाडी आठवली तर या अनुदानाचं काम कळेल: भाडं घटलं तेवढा शेतकऱ्याचा भाव वाढायला जागा झाली. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला गेली. तिथवर पोचायला पॅकहाऊस, शीतगृह, कंटेनर आणि न्हावा शेवा बंदरापर्यंतची न थांबणारी वाट लागते. यातलं काहीही करसवलतीच्या राजपत्रातून मिळत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-जळगाव चौथा मार्ग आणि भुसावळ-खंडवा तिसरा-चौथा मार्ग मंजूर केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्गही मंजूर झाला. तो धुळ्यावरून जाईल, म्हणजे ब्रिग्ज यांनी ज्या आग्रा वाटेसाठी धुळं निवडलं होतं, जवळपास त्याच दिशेनं. आज भुसावळ-खंडवा पट्ट्यात प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाड्या खोळंबतात. नवे रूळ पडले की सावदा-रावेरच्या डब्यांना सुटायची वेळ आणि पोचायची वेळ, दोन्ही सांगता येतील. दिल्लीचा व्यापारी भाव ठरवताना आधी तेच विचारतो.